रत्नागिरीहून वाडी रत्नागिरीकडे

आमच्या रत्नागिरीच्या माणसाला घाट चढून वर जायचे म्हटले की कारण लागते. कोर्टाचे काम असते, कोल्हापूरचा दवाखाना असतो, लग्नकार्य असते. नुसते एखादे गाव पाहायचे म्हणून कोणी आंबा घाट चढत नाही. मीही रत्नागिरीत तीस-पस्तीस वर्षे मास्तरकी केली. इतिहासाच्या तासाला दरवर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा घातला आणि दरवर्षी महाराजांना त्यातून सुखरूप बाहेर काढले. पण पन्हाळा डोळ्यांनी पाहिला नव्हता. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ साली, अखेर तो पाहिला, तोही कारणानेच. ते कारण गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या सोलापुरी चादरीवर अंग मुडपून बसले होते. त्याचे नाव टोबी.

टोबीची हकीकत सांगायची तर थोडे मागे जावे लागेल, आणि काहीसे दूरही. २०१३ साली आम्ही उभयता एका यात्रेबरोबर इटलीला गेलो होतो. रोमहून असिसीकडे जाताना आमची बस ओर्व्हिएतो या गावी थांबली. सरळसोट कड्यांच्या डोंगरावर टोपी ठेवावी तसे ते गाव बसले आहे. बोल्सेना येथे १२६३ साली घडलेल्या चमत्काराशी निगडित असलेले वेदीवरचे पवित्र वस्त्र तेथील कॅथेड्रलमध्ये जपून ठेवले आहे, म्हणून यात्रेकरू तेथे थांबतात. वस्त्राचे दर्शन झाल्यावर तासभर मोकळा होता. कोणी तरी सांगितले की गावात एक अद्‌भुत विहीर आहे. १५२७ साली रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवे क्लेमेंट या गावात आश्रयाला आले. उद्या या डोंगराला वेढा पडला तर पाण्याचे काय, ही चिंता त्यांना लागली आणि त्यांनी खडकात खोल विहीर खोदायला लावली. ती पुरी व्हायला १५३७ साल उजाडले. तिला एकमेकांभोवती वळत जाणारे दोन स्वतंत्र जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पाण्याला उतरणारे खेचर आणि पाणी घेऊन चढणारे खेचर यांची वाटेत गाठच पडत नाही.

माझे गुडघे त्या वेळीच कुरकुर करू लागले होते. मी वर कट्ट्यावर बसलो आणि पत्नी एकटी उतरून गेली. अर्ध्या तासाने ती धापा टाकीत वर आली. तिने आधी पाण्याची बाटली मागितली आणि मग विचारले, “एवढ्या लांब येऊन विहीर पाहिली. आपल्याकडे नाहीत का हो अशी डोंगरावरची गावे?”

मी मास्तरच. पन्हाळ्याचा पाठ तेथेच सुरू केला. डोंगरावरचा किल्ला, पण ओसाड नव्हे. तटाच्या आत आजही नांदते गाव, बाजार, शाळा, नगरपरिषद. तिने पाठ पुरता ऐकून घेतला आणि म्हणाली, “मग कधी नेताय?”

“निवृत्त झाल्यावर.”

असिसीला एका चढत्या गल्लीत एक म्हातारा दाराशी बसला होता आणि त्याच्या पायाशी त्याच्याइतकाच म्हातारा कुत्रा. ती त्या दोघांपाशी बराच वेळ रेंगाळली. बसमध्ये येऊन बसताना म्हणाली, “निवृत्त झाल्यावर कुत्रासुद्धा पाळायचा.”

२०१६ साली मी निवृत्त झालो. कुत्रा आला. पन्हाळा राहिला.

टोबी हे नाव तिनेच ठेवले, तोबीतच्या पुस्तकावरून. तरुण तोबिया महादूत राफाएलबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग निघतो, हे तिला फार आवडे. आमच्या फादरांनी हसून तिची चूक दाखवून दिली होती, “बाई, त्या पुस्तकात बापाचे नाव तोबीत आणि मुलाचे तोबिया. कुत्र्याला बिचाऱ्याला नावच नाही.” यावर तिचे उत्तर होते, “म्हणूनच तर आम्ही दिले.”

ती २०२३ च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर थिबा पॅलेसच्या वाटेवरच्या आमच्या घरात मी आणि टोबी असे दोघेच उरलो. मुलगी वसईला असते. तिने दोन वर्षे माझी वाट पाहिली, मग मात्र निर्वाणीचे सांगितले की बाबा, आता एकटे राहू नका. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, आणि नातवाला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी घरात केसाळ जनावर नको म्हणून स्पष्ट बजावले आहे. मुलीचे काही चुकत नाही, हे मी येथे लिहून ठेवतो. कारण अशा गोष्टी सांगताना आपण म्हातारी माणसे नकळत मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. तिने फोनवर एवढेच विचारले, “टोबीचं काय करायचं, बाबा?” आणि मग आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पन्हाळ्याचा. त्याचे वडील एस.टी.त होते, बदलीवर रत्नागिरीला आले होते, तेव्हा तो माझ्या वर्गात होता. आता तो गडावर झुणका-भाकरीचे छोटे हॉटेल चालवतो. त्याच्या कानावर माझी अडचण गेली. त्याने फोन केला, “सर, आमच्याकडे आणा त्याला. अंगण आहे, आई दिवसभर घरात असते. तिलाही सोबत होईल.” मी ‘बघतो’ म्हणालो. बघण्यात तीन महिने काढले.

अखेर पुतण्याने गाडी काढली. त्याला पन्हाळ्याची ओढ वेगळ्याच कारणाने होती. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आमच्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग आहे, शेजारचे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, तसा पन्हाळाही आहे. बाराही किल्ले पाहायचा त्याचा संकल्प आहे. मी आणि टोबी कशासाठी निघालो आहोत हे त्याला ठाऊक होते. पण वाटेत त्याने तो विषय एकदाही काढला नाही. हल्लीच्या मुलांना आपण उगाच नावे ठेवतो.

हातखंबा, पाली, नाणीज असे करीत साखरप्याला पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. रस्ता रुंद करण्याच्या कामाची लाल धूळ टोबीच्या पांढऱ्या पायांवर बसली होती. साखरप्याला एका टपरीवर चहा घेतला. टपरीवरच्या बाईंनी न सांगताच ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा फोडून त्याच्यापुढे टाकला आणि विचारले, “घाटात ओकणार नाही ना?” टोबी आंबा घाटात व्यवस्थित ओकला. वरच्या वळणावर गाडी थांबवून मी त्याचे तोंड धुतले. खाली दरीत धुके भरले होते आणि आमचे कोकण त्याखाली बुडून गेले होते. टोबीने नाक वर करून घाटावरच्या हवेचा एक दीर्घ वास घेतला. नऊ वर्षे त्याला खारा वारा ठाऊक; हा कोरडा, गवताचा वास त्याला नवा होता. हा घाट ओलांडला की जिल्हा बदलतो, बोली बदलते, भाताच्या जागी भाकरी येते. आम्हां ख्रिस्ती मंडळींचे मात्र घाटाखालचे आणि घाटावरचे असे दोन्हीकडचे २००५ पासून एकाच सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आले आहेत. तेवढी एक गोष्ट घाटाने तोडलेली नाही.

मलकापूर, बांबवडे मागे टाकून वाघबीळापाशी आलो. येथून एक वाट पन्हाळ्याला चढते आणि दुसरी ज्योतिबाच्या डोंगराला. पुतण्याने फलक वाचला आणि मोठ्याने हसला, “काका, आपण रत्नागिरीहून निघालो आणि रत्नागिरीलाच पोहोचतोय!” ज्योतिबाच्या गावाचे खरे नाव वाडी रत्नागिरी. देवाने रत्नासुराला मारले म्हणून डोंगर रत्नागिरी, असे तेथील लोक सांगतात.

पन्हाळ्यात शिरताना कोठेही ‘आता किल्ला आला’ असे वाटत नाही. एकेकाळी येथे चार दरवाजा होता. १८४४ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. आता डांबरी सडक सरळ आत जाते. बाजीप्रभूंचा पुतळा ओलांडला की घरे, दुकाने, दोरीवर वाळत घातलेले कपडे, शाळेतून परतणारी मुले. गड शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या वेळचा, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरचा. त्यानंतर यादव आले, बहमनी आले, आदिलशाही आली, मराठे आले. ताराबाईंनी येथे राज्य मांडले. कोल्हापूरकर छत्रपतींची राजधानी १७८२ पर्यंत येथेच होती, मग ती खाली कोल्हापूरला गेली. राजधानी गेल्यावर गाव उठते असा आपल्याकडचा अनुभव. रायगडावर आज चौथरेच पाहावे लागतात. पन्हाळा उठला नाही. कविवर्य मोरोपंत १७२९ साली जन्मले ते याच गडावर. म्हणजे जेथे तोफा होत्या तेथे पाळणेही हलत होते.

मी मनाशी पाहण्याच्या ठिकाणांची यादी केली होती. टोबीला माझी यादी मान्य नव्हती. तीन दरवाजाची कमान, तिच्यावरची फारसी अक्षरे, बारीक कोरीव काम मी मान वर करून पाहत होतो. तेवढ्यात त्याने साखळीला असा हिसका दिला की मी चार पावले मागे ओढला गेलो. त्याला बाहेर भाकरी थापणाऱ्या बाईच्या चुलीचा वास लागला होता. अंबरखान्यात तीन धान्यकोठ्या आहेत, गंगा, यमुना आणि सरस्वती. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्या जाड भिंतींच्या गारव्यात उभे राहिले की १६६० सालच्या मार्चपासून जुलैपर्यंत गड वेढ्यात कसा तगला ते कळते. मी पुतण्याला हे समजावून देऊ लागलो, तर टोबी दारातच बसला; आतल्या काळोखात यायला तयार होईना. सज्जा कोठीवर रखवालदाराने कुत्र्याला मज्जाव केला, आणि योग्यच केला. पुतण्या आणि मी आळीपाळीने साखळी धरून उभे राहिलो. अशा रीतीने मी पन्हाळा निम्मा पाहिला आणि उरलेल्या निम्म्या वेळात पन्हाळ्याच्या लोकांनी मला पाहिले. “कुठनं आला? कुत्र्याचं नाव काय? चावतंय का?” एका आजोबांनी तर मला थांबवून त्याच्या दातांवरून वय ओळखून दाखवले, तेही बरोबर. कुत्रा बरोबर नसता तर हे लोक माझ्याशी एक अक्षर बोलले नसते, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांच्याशी बोललो नसतो.

तीन दरवाजाजवळच अंधार बाव आहे. काळ्या दगडांची तीन मजली वास्तू. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निसटायची वाट. वेढ्यात शत्रूने गडाचे पाणी नासवू नये म्हणून विहीरच इमारतीच्या पोटात लपवलेली. मी साखळी पुतण्याच्या हाती दिली आणि म्हणालो, “मी उतरून येतो.”

“काका, गुडघे?”

“हळूहळू उतरेन.”

पायऱ्या थोड्याच; ओर्व्हिएतोच्या तुलनेने काहीच नाहीत. भिंतीला हात लावीत मी खाली गेलो. पाणी हिरवे, स्तब्ध. वरून झरोक्यातून येणारा उजेड त्यावर एका ठिकाणी पडला होता. माझ्या मनात त्या वेळी इतिहास नव्हता. ती धापा टाकीत वर आली होती तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि मी रुमाल देण्याऐवजी पन्हाळ्याचा पाठ दिला होता, एवढेच आठवत होते. वरून टोबीचे भुंकणे आले. माझा आवाज, माझा वास दिसेनासा झाला म्हणून तो अस्वस्थ झाला असेल, या कल्पनेने मला क्षणभर बरे वाटले. वर येऊन पाहतो तर तो एका गावठी कुत्रीवर भुंकत होता.

संध्याकाळी विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याची आई ओसरीवर बसली होती, सत्तरी उलटलेली, डोक्यावरून पदर, आवाज खणखणीत. “या मास्तर, बसा. कुत्र्यालाबी आत घ्या की, त्यो काय परका हाय?” टोबीने अंगणाची एक फेरी मारली, तुळशीचा वास घेतला, पाण्याची बादली हुंगली, आणि म्हातारीच्या पायाशी येऊन बसला. जणू त्याचे पत्र आधीच येऊन पोहोचले होते.

जेवताना तिने मला विचारले, “तुमीबी लेकीकडं जानार म्हनं?”

मी मान हलवली.

“माजी धाकटी सून कोल्हापुरात असती. लई बलावती. न्हाई जात म्या.” मग पिठलं वाढता वाढता म्हणाली, “राजा-रानी खाली गेली, म्हून आमी का जावं? आता तर म्हंत्यात गड जगाचा झाला. हितं खिळा ठोकायचा तर कागद लागंल म्हंत्यात. म्या म्हनलं, जगाचा होऊं दे, चूल तर माजीच हाय न्हवं?”

विद्यार्थी हसला, पण ती काळजी त्यालाही होती. घराची मागची भिंत खचली आहे, ती बांधायला परवानगी कधी मिळेल याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. किल्ल्याचे दगड जपायचे की दगडांत राहणारी माणसे, असा प्रश्न एकदा पडला की त्याची उत्तरे कागदावर सोपी आणि ओसरीवर अवघड असतात. मी मास्तरी आव आणून काही सांगणार होतो, पण गप्प राहिलो.

रात्री ओसरीवरच अंथरूण घातले. थंडी होती. मला झोप लागेना. वर्गात मी एक गोष्ट फार रंगवून सांगत असे, रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याची. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, ही. १९३६ साली रायगडावर त्याचे स्मारक उभे राहिले. त्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही आणि त्यावरून आजवर बरेच वाद झाले आहेत, हे मला माहीत होते. तरी मी ती सांगे, कारण मुलांचे डोळे पाण्याने भरत. त्या रात्री माझ्या ध्यानात आले की मी टोबीकडूनही मनातल्या मनात तीच अपेक्षा करीत होतो. त्याने अन्न सोडावे, दाराकडे तोंड करून बसावे, विद्यार्थ्याने चार दिवसांनी फोन करावा की सर, हा काही राहत नाही, घेऊन जा. मग मला मुलीला सांगता आले असते की बघ, माझा काही इलाज नाही. माझे घर न सोडण्याचे कारण मी त्या मुक्या जनावराच्या गळ्यात बांधून गडावर आणले होते. आणि तो म्हातारीच्या खाटेखाली घोरत होता.

सकाळी वाडी रत्नागिरीला गेलो. टोबीलाही बरोबर नेले. निरोप जरा लांबवायचा होता, दुसरे काय. हेही डोंगरावर वसलेले गाव. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने, घरे, नारळाच्या राशी. काळ्या दगडाचे देऊळ, आणि सगळ्यांवर गुलाल. चैत्र पौर्णिमेला येथे सासनकाठ्या नाचतात तेव्हा डोंगरच गुलाबी होतो म्हणतात. पण एरव्हीही भिंती, पायऱ्या, माणसांचे सदरे त्याच रंगाचे. आम्ही देवळाबाहेर एका कट्ट्यावर बसून भक्तांची ये-जा पाहत राहिलो. टोबी पायरीवर लोळला आणि उठला तो गुलाबी होऊन. एक गुरव जाता जाता थांबून म्हणाला, “देवानं रंगवला की ह्याला!” आणि पुढे गेला.

परत पन्हाळ्याला आलो तेव्हा म्हातारी दारातच उभी होती. गुलाबी कुत्रा पाहून ती तोंडाला पदर लावून हसली. मी सोलापुरी चादर, त्याची ताटली आणि औषधांची चिठ्ठी विद्यार्थ्याच्या हाती दिली. डाव्या कानाला पावसाळ्यात त्रास होतो, ते सांगितले. रोझरीच्या वेळी तो पायाशी येऊन बसतो, तेही सांगणार होतो. या घरी ते कशाला, म्हणून राहू दिले. विद्यार्थी म्हणाला, “संध्याकाळी आई हरिपाठ म्हणते, तेव्हा काल रात्री तिच्याजवळ जाऊन बसला होता, सर.” मी टोबीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने शेपूट हलवली, माझा हात चाटला आणि पुन्हा म्हातारीच्या हातातल्या भाकरीकडे पाहू लागला.

गाडी वळणावर आली तरी तो काही धावत आला नाही. मी दोनदा मागे पाहिले.

उतरताना पुतण्याने एकदा विचारले, “काका, काच वर करू?” मागची काच अजून अर्धी खालीच होती. मी म्हणालो, “असू दे.” घाट उतरलो तसा खारा दमट वारा त्या फटीतून आत येऊ लागला. साखरप्याला त्याच टपरीवर थांबलो. बाईंनी दोन चहा केले, सवयीने बिस्किटांचा पुडा फोडला आणि गाडीकडे पाहिले.

“वर ठेवला,” मी म्हणालो, “पन्हाळ्याला. एका आजींकडे.”

त्यांनी पुडा माझ्यापुढे सरकवला. पुतण्याने दोन बिस्किटे घेतली, उरलेली मी खाल्ली. मुलीला फोन लावला तेव्हा ती आधी टोबीचेच विचारील हे ठाऊक होते, म्हणून मीच प्रथम बोललो. म्हटले, नाताळ झाला की येतो. खोलीत माझे पुस्तकांचे कपाट कोठे मावेल ते बघून ठेव.